झाडाची खतावणी



दिवाळीनंतर माझ्या दुसऱ्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर दोन-चार दिवस मी घरातली दिसेल ती बारीक अक्षरे वाचत सुटले. औषधाच्या बाटल्या झाल्या, मसाल्याची पाकिटे झाली, मग मागच्या पडवीतली खताची पिशवी हाती आली. पिशवीवर सुंदर गुलाबी फुलांचे चित्र. दोन वर्षांपूर्वी माळीदादांनी आणून दिलेली, "काकू, बहावा फुलत नाही ना, त्याला हे घाला" म्हणून. त्यातलीच ही तिसरी पिशवी. पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत घटक लिहिले होते. पहिलाच घटक होता हाडांचा चुरा.

मी तिथेच पायरीवर बसले. बिस्किटाचा पुडा घेताना हिरवा ठिपका बघणारी मी. जिलेटिन म्हणजे काय ते कळल्यापासून नातवंडांना जेलीच्या गोळ्या न देणारी मी. आणि दोन वर्षे माझ्याच हाताने, हातमोजेही न घालता, मी जनावरांची हाडे मातीत कालवत होते. हिरवा ठिपका खाण्याच्या वस्तूंवर असतो, खताच्या पिशवीवर नसतो, हे तेव्हा लक्षात आले. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात हाडांचा चुरा हे रीतसर मान्य खत आहे. दुकानदाराने काही लपवले नव्हते. मीच वाचले नव्हते.

मी बी.कॉम. झालेली. लग्नाआधी दोन वर्षे वडिलांच्या दुकानाच्या वह्या लिहिल्या. रोजकीर्दीतल्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवणे म्हणजे खतावणी. कुठली रक्कम कुठून आली हे कळल्याशिवाय पान पुढे उलटायचे नाही, ही वडिलांची शिस्त. तेव्हा ठरवले की या खताचीही खतावणी करायची. हाडे झाडाच्या मुळाशी आली कुठून? आणि ती यायच्या आधी आपल्या चांदा भागातले लोक झाडाला काय घालत होते? हिवाळाभर जमेल तसे वाचले, जुन्या माणसांना विचारले. जे हाती लागले ते आज सांगते.

हाडांची कथा विलायतेतून सुरू होते. तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेते थकली होती आणि शहरे वाढत होती. शेतात हाडे कुटून टाकली की पीक जोमाने येते हे शेतकऱ्यांच्या लक्षात आले होते. मागणी इतकी वाढली, की युरोपातल्या मोठ्या लढायांच्या रणांगणांवरून माणसांची आणि घोड्यांची हाडे जहाजांत भरून इंग्लंडच्या हल बंदरात उतरवली जातात आणि शेतीसाठी दळली जातात, अशी बातमी 1822 साली लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आली होती. पुढे 1840 मध्ये लिबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा ग्रंथ आला. पीक मातीतून जी खनिजे उचलते ती मातीला परत द्यावी लागतात, हे त्याने ठासून मांडले. 1842 मध्ये लॉझ नावाच्या इंग्रज जमीनदाराने हाडे आणि फॉस्फेटचे खडक गंधकाच्या तेजाबात विरघळवून खत करण्याचे पेटंट घेतले. तेच सुपरफॉस्फेट. भारतात ते पहिल्यांदा 1906 मध्ये मद्रासजवळच्या राणीपेटला तयार झाले.

मग हाडे कमी पडू लागली आणि नजर आपल्याकडे वळली. आपल्या देशात जनावरे अफाट, आणि मेलेल्या जनावरांची हाडे गावकुसाबाहेर पडलेली. ती गोळा होऊन रेल्वेने कराची, मुंबई, कलकत्त्याच्या बंदरांत जाऊ लागली आणि तिथून जहाजाने विलायतेला.

ही हाडे कोण उचलत होते, हेही खतावणीत लिहायला हवे. गावाने ज्यांना शिवू दिले नाही, त्यांच्यावरच मेलेली जनावरे ओढायचे काम लादले होते. त्या कामाला बाबासाहेबांनी नकार द्यायला शिकवले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, 16 ऑक्टोबरला, इथे आपल्या चंद्रपूरला. आपण "हाडाला शिवणार नाही" असे अभिमानाने म्हणतो, पण ते म्हणता आले कारण उचलणारे हात दुसऱ्याचे होते. मला हे लिहिताना बरे वाटत नाही, पण वही लिहिताना नको असलेली नोंद गाळली तर ती वही खोटी ठरते.

1889 च्या अखेरीस सरकारने विलायतेहून डॉक्टर व्होल्कर नावाचे कृषी-रसायनतज्ज्ञ बोलावले. हिंदुस्थानची शेती सुधारायची कशी, हे त्यांनी सांगायचे होते. ते वर्षभर देशभर फिरले आणि 1893 मध्ये त्यांचा अहवाल छापला गेला. इथला शेतकरी अडाणी आहे असे काही त्यांना दिसले नाही, उलट त्यांनी त्याचे कौतुक केले. खोट त्यांना दिसली ती हिशेबात. हाडे परदेशी जातात. तेलबिया परदेशी जातात, म्हणजे त्यांची पेंडही जाते. शेण चुलीत जळते. मातीच्या नावावर सगळा खर्चच खर्च आणि जमा काहीच नाही.

हे वाचताना मला आपला भाग दिसत होता. विदर्भात जवस उदंड पिकायचे. 1870 च्या दशकात कोळशासाठी वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली. मध्य प्रांतातून जवसाची पोती विलायतेला जात, तिकडे त्याचे तेल रंगासाठी आणि पेंड तिकडच्या गाईंना. आपल्याकडे उरायची जवसाची चटणी!

शेण चुलीत का जाते, तर सरपण नाही म्हणून, हेही व्होल्करांनी ओळखले होते. गावांसाठी सरपणाची आणि चाऱ्याची राखीव वने लावा, म्हणजे शेण शेतासाठी वाचेल, असे त्यांनी सुचवले. पण 1878 च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत चालली होती आणि सरकारला लाकूड हवे होते. आलापल्लीकडचा साग तर नावाजलेला. जंगलाच्या कुशीत राहणाऱ्या बाईलाही काडी-काटकी आणायला भ्यावे लागू लागले.

आता दुसरे पान. हाडांचा चुरा यायच्या आधी आपल्याकडे काय होते?

एक होता तलावाचा गाळ. आमच्या गावात गोंडकालीन रामाळा तलाव आहे, थोडे बाहेर गेले की जुनोन्याचा आहे. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडे गेलात तर गावागणिक तलाव. गोंड राजांच्या काळापासून हे तलाव बांधले गेले आणि कोहळी समाजाचे लोक त्यात वाकबगार. पुढे ते मालगुजारांकडे आले. 1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले आणि त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणजे 'मामा' तलाव असे गमतीशीर नाव पडले. उन्हाळ्यात पाणी आटले की तळाचा काळा गाळ खणून बैलगाडीने धानाच्या बांध्यांत आणि परसात टाकायचा. पाणलोटातला पालापाचोळा, शेण, वाहून आलेली माती, सगळे त्यात मुरलेले. माझ्या आजेसासूबाई परसातल्या चाफ्याला दर तीन-चार वर्षांनी दोन टोपल्या गाळ घालायच्या, असे सासूबाई सांगत. 2017 पासून सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली, तेव्हा मला त्या दोन टोपल्या आठवल्या.

दुसरी होती पेंड. घाणीवर तेल काढल्यावर उरलेली जवसाची पेंड गुरांना. कडुलिंब, करंज आणि मोहटोळीची पेंड गुरे खात नाहीत, म्हणून ती मातीला. कडुलिंबाच्या आणि करंजाच्या पेंडीत साधारण चार-पाच टक्के नत्र असते, थोडे स्फुरद आणि पालाशही. शेणखतात नत्र अर्धा टक्का. म्हणजे एक किलो पेंड ही आठ-दहा किलो शेणखताच्या बरोबरीची, आणि ती हळूहळू लागू पडते, मुळे जाळत नाही.

तिसरा होता पालापाचोळा. याचे शास्त्र लिहिले गेले आपल्या शेजारी इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ 1924 ते 1931 तिथे होते. पालापाचोळा, काडीकचरा, शेण, गोठ्यातली माती, राख यांचे थर लावायचे, ओल ठेवायची, ठरावीक दिवसांनी ढीग उलटवायचा, की तीन महिन्यांत काळेभोर खत तयार. याला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. 1931 च्या त्यांच्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव लेखक म्हणून आहे, हे मला वाचेपर्यंत ठाऊक नव्हते. कंपोस्टवरच्या लेखांतून हॉवर्ड नेहमी भेटतात, वाड क्वचितच.

इथपर्यंत वाचल्यावर मला माझ्याच अंगणाची लाज वाटली. का ते सांगते. आमच्या फाटकाशी गुलमोहोर आहे, कोपऱ्यात ताम्हण, मागे दोन बहावे आणि एक बकुळ. माघ-फाल्गुनात बहुतेकांची पानगळ. दर सकाळी झाडून ढीग करायचा आणि आगपेटीची काडी लावायची, हे मी पस्तीस वर्षे केले. झाडाने स्वतः जमवलेले खत मी जाळत होते आणि मग पैसे देऊन हाडे विकत आणत होते.

शिवाय त्या ढिगात किती जीव असतील! बारा व्रतांमध्ये श्रावकाला वर्ज्य असे पंधरा धंदे, पंधरा कर्मादाने, आपण लहानपणी पाठ केली. त्यांत एक आहे दवदान, म्हणजे वणवा लावणे. आपल्याला वाटायचे, आपण कुठे वणवा लावतो? आपल्या भागात मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, त्यातून जंगलाला आग लागते, आणि आपण त्या गरीब बायांना नावे ठेवतो. तीच काडी रोज सकाळी माझ्या हातात होती.

कर्मादानांतले दुसरे आहे दंतवाणिज्य. मी ते फक्त हस्तिदंताचा व्यापार असे समजत होते. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना दाताबरोबर केस, नखे, कातडी आणि हाडेही घेतली आहेत. म्हणजे माझ्या पिशवीची नोंद आठशे वर्षांपूर्वीच झालेली होती.

याच सुमारास भाचीकडे गडचिरोलीला जाणे झाले. तिने आलापल्लीचे 'वनवैभव' दाखवायला नेले. सहा हेक्टरचा तो तुकडा 1953 पासून जसाच्या तसा राखलेला आहे, तिथे तोड नाही, लागवड नाही. 2014 मध्ये तो महाराष्ट्रातला पहिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. उंच सागांच्या खाली पाल्याचा थर पायाखाली गादीसारखा दबतो. वरचा पाला ओळखू येतो, त्याखालचा चुरा झालेला, त्याखाली पावसाळी वासाची काळी माती. वाटेतल्या जंगलात बहावा दिसला, फांदीफांदीला शेंगा लटकलेल्या. सोबतचे वनखात्यातून निवृत्त झालेले काका हसून म्हणाले, "ताई, याला कुणी हो खत घातलं?"

परत आल्यावर आमच्या बहाव्याकडे नव्याने पाहिले. तो फुलत नव्हता तो उपाशी होता म्हणून नाही. त्याच्याभोवती आम्ही हिरवळ लावली, तिला बारा महिने पाणी आणि वरून युरिया. नत्र जास्त झाले की झाड पानेच काढत बसते. बहावा, गुलमोहोर ही उन्हाळ्यात फुलणारी झाडे, त्यांना फुलण्याआधी थोडा ताण लागतो. गुलमोहोर तर मादागास्करच्या चुनखडीच्या खडकाळ, कोरड्या जंगलातला, एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे आलेला पाहुणा. त्याला चंद्रपूरचा 47 अंशांचा उन्हाळा मानवतो, लाड मानवत नाहीत.

आणि हाडांच्या चुऱ्याचे काय? कच्च्या चुऱ्यात सुमारे 20 टक्के स्फुरद असते खरे, पण ते आम्लधर्मी मातीतच नीट सुटते. आपल्या पश्चिमेकडच्या वरोरा, राजुरा, कोरपना भागात चुन्याची काळी माती. कोरपना-राजुऱ्याकडे सिमेंटचे कारखाने उभे राहिले ते या चुनखडीमुळेच. आमच्या अंगणातही तीच काळी माती भरलेली. तिच्यात तो चुरा बराचसा तसाच पडून राहतो.

हे कळल्यावर सूनबाई म्हणाली, "बघा आई, धर्म आणि विज्ञान एकच सांगतात." मी म्हटले, नको गं, तसे नको म्हणू. पूर्वेकडच्या तांबड्या मातीत हाच चुरा लागूही पडत असेल. मग तिथे राहायला गेले तर मी घालणार का? लागू पडत असता तरी मी घातला नसता, एवढेच माझे म्हणणे.

आता मी काय करते ते लिहिते, म्हणजे कुणाला उपयोगी पडेल.

पाला जाळणे बंद. घराच्या मागे विटांचे दोन हौद केले आहेत. एकात या वर्षीचा पाला, थोडे शेण आणि माती घालून ओलसर ठेवायचा, दुसऱ्यातला मागच्या वर्षीचा वापरायचा. चातुर्मासात ढीग हलवत नाही, तीन महिन्यांऐवजी वर्ष लागते, लागू दे. उरलेला पाला झाडाखाली चार बोटे जाड पसरते, पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी येते आणि मग विषारी औषधाचा प्रश्न उभा राहतो.

खत वर्षातून दोनदाच. एकदा मृगाच्या पहिल्या पावसानंतर, एकदा पाऊस ओसरताना आश्विनात. मोठ्या झाडाला प्रत्येक वेळी दोन घमेली जुने शेणखत किंवा पाल्याचे खत आणि एक ते दोन किलो कडुलिंबाची पेंड, लहान झाडाला याच्या पाव. ते बुंध्याशी ओतायचे नाही. अन्न घेणारी बारीक मुळे फांद्यांच्या टोकाखाली असतात. मेच्या उत्तरार्धात आपल्याकडे सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा झाडाची सावली जिथे संपते तिथे खडूने खूण करून ठेवायची आणि पावसाळ्यात तिथे हलक्या हाताने माती सैल करून खत मिसळायचे. कडक उन्हात कोरड्या मातीला कसलेच खत नको, मुळे भाजतात. दिवाळीनंतर नत्र बंद, आणि जमिनीत रुजलेल्या बहाव्याला माघापासून पाणीही बंद. ताम्हण हे आपले राज्यफूल, ते मूळचे ओढ्याकाठचे, त्याला मात्र उन्हाळ्यात आठवड्याला पाणी हवे. चुलीची राख काळ्या मातीत मूठभरच, ती माती आधीच क्षारयुक्त असते.

पिशवी विकत आणलीच तर मागची बाजू वाचायची. हाडांचा चुरा, रक्ताचा चुरा, मासळीचे खत, हे शब्द शोधायचे. डोळ्यांना दिसत नसेल तर नातवंडांकडून वाचून घ्यायचे.

तरी ही वही कोरी झाली असे मी म्हणणार नाही. पेंड घेते, तर घाणीने तेल काढणे हेही पंधरा कर्मादानांत आहे, यंत्रपीलन. पाल्याच्या हौदात जीव आहेतच, माझा हात लागला की काही मरतातच. बाग ठेवायची तर शून्य बाकी निघत नाही. पण जाणूनबुजून केलेला खर्च आणि न वाचता झालेला खर्च यांत फरक आहे, आणि कमी करता येईल तेवढा कमी करायचा, यालाच आपण जयणा म्हणतो.

उरलेल्या अर्ध्या पिशवीचे काय करावे, हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. माळीदादांना द्यावी तर माझे ओझे त्यांच्या डोक्यावर. कचऱ्यात टाकावी तर कुत्री उकरतील. शेवटी कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे काही लावलेले नाही, तिथे खोल खड्डा करून ती मातीत ठेवली, वर दगड ठेवला. ज्यांची ती हाडे, त्या अनाम जीवांना हात जोडून मिच्छामि दुक्कडं म्हटले. त्या दिवशी संध्याकाळचे प्रतिक्रमण जरा लांबले.

आज ज्येष्ठ सुरू आहे. दोन बहाव्यांपैकी एकाला या वर्षी पाच झुंबरे लागली, पिवळीधमक. दुसरा अजून हिरवाच आहे. मी त्याला काही घालणार नाही. सकाळी खाली पडलेल्या पाकळ्या तेवढ्या वेचते आणि मागच्या हौदात टाकते.

मिच्छामि दुक्कडं. जय जिनेंद्र.